कलमाचा हात लहानपणीच तयार होतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पन्नाशी ओलांडून मुंबईहून कोकणात परतणाऱ्यांविषयी हल्ली बरंच छापून येतं, आपल्या अंकातही येतं. त्यात 'शून्यातून सुरुवात केली' हे वाक्य हमखास असतं. आमच्या थोरल्या भावाच्या बाबतीत ते खरं नव्हतं. गावात वाढलेल्या कुणाच्याच बाबतीत ते पुरतं खरं नसावं, असं आम्हाला वाटतं. दादा गेल्या पावसाळ्यात गेला. त्याला कलमं बांधताना पाहिलेली आम्ही भावंडं हे पत्र लिहितो आहोत, कारण त्याच्या हाताला लहानपणी जे वळण लागलं ते आज गावातल्या पोरांनाही लागत नाही. ते लावायला फार पैसाही लागत नाही.

दादाचा जन्म १९५८ चा, राजापूर तालुक्यातल्या सड्याखालच्या वाडीतला. शाळा संपवून मुंबईला गेला आणि पस्तीस वर्षं कारखान्यात टर्नर होता. २०१० साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तो गावी परतला आणि हापूसची कलमं बांधायची छोटी रोपवाटिका काढली. लोकांना हे दुसरं आयुष्य वाटलं. पण त्यातलं अर्धं काम त्याने दहाव्या वर्षीच केलेलं होतं.

तेव्हा आमच्याकडे कलम म्हणजे भेटकलम. रायवळाचं, म्हणजे कोयीतून उगवलेल्या गावठी आंब्याचं, रोप मडक्यात वाढवायचं, मडकं हापूसच्या झाडाला बांधलेल्या माचावर चढवायचं आणि रोप व फांदी सारख्या जाडीची जिथे भेटतील तिथे दोघांचीही बोटभर साल थोड्या लाकडासकट तासून एकमेकांना भिडवायची. वरून केळीच्या सोपटाने करकचून बांधायचं आणि शेणमातीचा लेप द्यायचा. सांधा धरायला दोन-तीन महिने लागतात. तोवर फांदीला आईचं झाड पोसतं, पण रोप मडक्यातल्या ओंजळभर मातीवर जगत असतं. म्हणून शिडी चढून रोज पाणी घालणारं माणूस लागतं आणि आमच्या घरी ते काम दादाचं होतं. दोन दिवस चुकले की रोप मलूल होतं आणि सांधा धरत नाही. फांदी मात्र हिरवीगार दिसत राहते, त्यामुळे चूक कळते ती कलम खाली उतरवल्यावर, आठवड्याभरात सुकलं की. उतरवतानाही फांदी एकदम तोडत नाहीत. सांध्याखाली आधी अर्धी कापतात, आठ-दहा दिवसांनी पुरती.

ही पद्धत आता मागे पडली. एका झाडाभोवती किती मडकी टांगणार? १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा कलमांची मागणी इतकी वाढली की भेटकलमाने ती भागणं शक्य नव्हतं. तिथे कोयकलमाने, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर हापूसची काडी बसवून बांधलेल्या कलमाने, हात दिला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रशिक्षणांतून ते कोकणात पसरलं. दादा गावी आला तेव्हा त्याला कोयकलम येत नव्हतं. ते त्याने थोड्या दिवसांत शिकून घेतलं. कृती सोपीच आहे, कठीण आहे ती नजर.

कृती लिहायचीच तर ती कोयीपासून लिहावी लागते. मेअखेरीस रायवळ पडायला लागतं. पूर्ण पिकलेल्या फळांच्याच कोयी घ्यायच्या, धुऊन सावलीत सुकवायच्या आणि बादलीत टाकायच्या. तरंगतील त्या पोकळ किंवा किडक्या, त्या काढून टाकायच्या. कोय उन्हात ठेवली तर मरते. सावलीतही ती फार टिकत नाही, चार आठवड्यांच्या आत पेरावीच लागते. मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करून त्यात कोयी लावायच्या आणि वर पेंढा पसरायचा. दोन-तीन आठवड्यांत रोप वर येतं. कोय उलटी पडली तर रोपाची मान वाकडी येते, अशी रोपं बाजूला टाकावीत.

रोपाचं खोड आणि पानं तांबूस असेतोवरच कलम बांधायचं. पानं हिरवी झाली की खोड निबर होतं आणि कोयीतला साठाही संपत आलेला असतो. कोयकलमाचं सगळं बळ त्या साठ्यात आहे, मुळं माती धरेपर्यंत कोयच रोपाला पोसते. म्हणून वाफ्यातून रोप काढताना कोय तुटू द्यायची नाही. तुटलीच तर ते रोप बांधण्यात श्रम घालवू नयेत.

कलमकाडीची तयारी त्याआधी आठ-दहा दिवस सुरू होते. चांगलं फळ देणाऱ्या, वय आणि गुण माहीत असलेल्या झाडावरची तीन-चार महिन्यांची, मोहोर न आलेली फांदी निवडायची आणि देठ ठेवून तिची पानं कापायची. आठवड्याभरात शेंड्याचा डोळा फुगतो आणि देठ बोट लावताच गळून पडतात. काडी तयार झाल्याची खूण तीच. डोळा फुटून पालवी दिसू लागली तर उशीर झाला. काडी १० ते १५ सें.मी. ठेवून ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि शक्यतो त्याच दिवशी वापरायची.

मग रोप कोयीपासून ७-८ सें.मी. उंचीवर आडवं कापायचं आणि मधोमध ४ सें.मी. उभी चीर द्यायची. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तेवढंच तासून पाचर करायची. पाचर एकाच ओढीत उतरली पाहिजे. दोन-तीनदा तासली की पृष्ठभाग लाटेसारखा होतो, आत पोकळी राहते, पोकळीत पाणी साचतं आणि सांधा काळा पडतो. कापलेल्या भागाला बोट लावायचं नाही. पाचर चिरेत बसवताना निदान एका बाजूची साल सालीला तंतोतंत जुळली पाहिजे. नंतर दीड-दोन सें.मी. रुंदीची पातळ प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत न्यायची. घर शाकारताना कौलं खालच्या कडेपासून वर लावत नेतात, तसंच हे. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्यात पाणी शिरतं.

दादाने मुंबईहून आणलेल्या पेटीत जाडी अचूक मोजायचा व्हर्नियर होता. पहिल्या हंगामात तो प्रत्येक रोप आणि काडी मोजून जोडी लावायचा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर काडी बदलायचा. पुढच्या वर्षापासून व्हर्नियर पेटीतच राहिला, चिमटीत धरली की काडीची जाडी कळायला लागली. चाकू मात्र तो अखेरपर्यंत कारखान्यातल्या हत्यारासारखा लावायचा, एकाच बाजूने धार आणि दर पंचवीस-तीस कलमांमागे दगडावर दोन हात.

तरी पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक कलमं मेली. बांधणी नीट होती, चुका पुढे झाल्या. बांधलेलं कलम लावायच्या पिशवीत माती तीन भाग आणि शेणखत एक भाग घेतलं होतं, पण शेणखत कच्चं होतं. ते तापलं आणि मुळं कुजली. पिशव्यांना भोकं कमी होती. खालच्या अर्ध्या भागात दहा-बारा तरी हवीत, नाहीतर कोकणच्या पावसात पिशवीची बादली होते. आणि कलमं उघड्यावर ठेवली होती. हवेत ओल हवी, पण पावसाचे थेंब सरळ सांध्यावर नकोत. म्हणून वर प्लॅस्टिकचं छप्पर घालून बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. दुसऱ्या वर्षी हे तिन्ही सुधारल्यावर बरीच कलमं जगली. जुळलेलं कलम दोन-तीन आठवड्यांत वरून फुटतं. सांध्याखाली फूट आली तर ती रायवळाची, दिसताक्षणी खुडायची, नाहीतर खालचं झाड वरच्याला उपाशी मारतं. पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडायची. विसरली तर खोड जाड होताना तिथे गळफास बसतो आणि दोन वर्षांनी वाऱ्याने झाड नेमकं तिथेच मोडतं.

कलमं विकत घेणाऱ्यांनी म्हणूनच सांधा हातात धरून बघावा. पट्टी सुटलेली, सांध्यावरचं आणि खालचं खोड जवळपास सारख्या जाडीचं, खाली एकही फूट नाही आणि कलम वर्षभराचं, एवढं तरी तपासावं. काड्या कुठल्या झाडाच्या, हे विचारावं आणि ते झाड दाखवायला सांगावं. लावताना सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे.

परतू पाहणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण लेखांत ती कधी येत नाही. यंदा बांधलेलं कलम पुढच्या जूनमध्ये विकलं जातं. पहिलं वर्ष पूर्ण खर्चाचं असतं आणि बांधणी फसली तर दुसरंही. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नये. त्याहून बरं म्हणजे नोकरीत असतानाच दोन-तीन वर्षं जुलैमध्ये आठवडाभर रजा काढून गावी यावं. चाकरमानी मे महिन्यात येतो आणि गणपतीत येतो. कलमं बांधायचे दिवस नेमके त्या दोन्हींच्या मधे पडतात. त्यामुळे शहरात वाढलेल्या मुलांनी आंबा खाल्लेला असतो, कलम बांधताना पाहिलेलं नसतं. आता गावातली मुलंही त्याच रांगेत आली आहेत, कारण घरोघरी कलमं बांधणं थांबलं आणि रोपवाटिकेतून विकत आणणं सुरू झालं.

दादाला ते दिसत होतं. कोयकलम त्याला बावन्नाव्या वर्षी शिकता आलं. पण कुठल्या रायवळाची कोय जोमदार उगवते, डोळा फुगला म्हणजे कसा दिसतो, पाऊस उघडणार की नाही, तासन् तास उकिडवं बसून हात स्थिर कसा ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माचावर मडक्यांना पाणी घालता घालता ते त्याच्या अंगी आलं होतं.

म्हणून आपल्या अंकामार्फत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या शाळांना एक विनंती करायची आहे. १ जुलैला कृषिदिन असतो, शाळांतून रोपं लावली जातात. त्या दिवशी मुलांच्या हातून कलम बांधून घ्यावं. खर्च म्हणाल तर कोयी फुकट, पट्ट्या आणि पिशव्या थोडक्या पैशांत येतात. चाकू शिक्षकांच्या किंवा गावातल्या जाणत्या माणसाच्या हातात असावा. लहान मुलांनी कोयी पेराव्यात, काड्यांची पानं कापावीत, पट्टी गुंडाळावी. आठवी-नववीच्या मुलांना मात्र पाचर तासू द्यावी. शंभरातली चाळीस जगली तरी पुढच्या जूनमध्ये मुलांनी ती घरी न्यावीत.

हिशेब तारखांचा आहे. १ जुलैला तांबूस रोप हवं असेल तर कोय १० जूनच्या आसपास जमिनीत गेली पाहिजे आणि शाळा उघडतात साधारण १५ जूनला. म्हणजे कोयी सुट्टीतच गोळा होऊन पेरल्या गेल्या पाहिजेत. सुट्टीआधी, निकालाच्या दिवशी, प्रत्येक मुलाला वीस रायवळ कोयींचं काम देता येईल.

कळावे,
आपली,
राजापूर तालुक्यातील तीन भावंडं