विषय: ईजीआर व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा अडकला, आणि सोमवारचा फोन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

गाडी वॉरंटीत आहे. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाचा थोडा धूर परत आत सोडणारी झडप, उघडा अडकलाय. दोनदा तुमच्या वर्कशॉपने कार्बन खरवडून तोच परत बसवला, वर पैसे घेतले. नवा मागितला की म्हणतात, "डिझेल खराब भरता."

रविवारी वडिलांना घेऊन खंबाटकी घाट चढत होते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की हा व्हॉल्व्ह मिटायला हवा, तेव्हा इंजिनाला ताजी हवा लागते. तो मिटलाच नाही. धूर परत सिलिंडरमध्ये, ऑक्सिजन कमी, गाडीचा दम गेला, मागे काळा लोट आणि त्यामागे हॉर्न वाजवणारे ट्रक. वडील दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. स्कॅनरवर पी ०४०२ हा बिघाडाचा कोड आला, म्हणजे हवा त्याहून जास्त धूर आत जातोय.

सोमवारी तुमच्या ॲडव्हायझरला हा कोड सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, हे टेक्निकल आहे. घरात कुणी जेंट्स असतील तर फोन द्या." मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते मी भरते, माझ्याशीच बोला. तो हसला. चक्क हसला! मग म्हणाला, "बाहेर पत्रा मारून व्हॉल्व्ह बंदच करून घ्या, पिकअप वाढेल." आणि लगेच, "पण मग वॉरंटी जाईल हां."

ज्वलनाचं तापमान उतरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला हा व्हॉल्व्ह असतो. बीएस ४ या जुन्या प्रदूषण नियमाच्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमची मुभा होती, बीएस ६ ला ८०. बीएस ६ म्हणून विकलेली गाडी तुमचाच माणूस बिघडवायला सांगतो. तो धूर माझ्या गल्लीतली पोरं ओढणार.

आणि डिझेलचं म्हणाल, तर मी एकाच पंपावर भरते. काजळीत इंजिन ऑइलची वाफ मिसळून थर बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. डिझेलच खराब असेल तर तपासणीचा अहवाल लेखी द्या.

नवा व्हॉल्व्ह वॉरंटीत बसवा, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरला हवा नेणारी नळी) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तपासा, दोन्ही साफसफाईचे पैसे परत करा, त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐका. १५ दिवसांत झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. वडिलांची पहिली गाडी तुमचीच होती, म्हणून ही घेतली. याचं फार वाईट वाटतं.

यापुढचा फोन मलाच करा.

सोबत: दोन बिलं, स्कॅनचा फोटो, डिझेलच्या पावत्या