आजारी माणसाची तारीख चुकली म्हणून तक्रारच बाद?

माननीय संपादक,

ग्राहक आयोगात तक्रार चालू असताना माणूस आजारी पडला आणि तारखेला जाऊ शकला नाही तर काय होतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून लिहितोय. माझ्या मामांची बिल्डरविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात होती, वकील दिलेला नव्हता (स्वतःची केस स्वतः चालवता येते म्हणून तर सामान्य माणूस तिकडे जातो). तारखेच्या दिवशी मामा आयसीयूत, घरातले सगळे हॉस्पिटलमध्ये, तारीख कुणाच्या लक्षात राहणार? नंतर नक्कल काढली तर रोजनाम्यात (त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद) एवढंच, पुकारा केला, तक्रारदार गैरहजर, तक्रार काढून टाकण्यात येते.

आम्हाला वाटलं डिस्चार्ज कार्ड जोडून तिथेच अर्ज द्यायचा. दिवाणी कोर्टात तसंच होतं ना, 30 दिवसांत अर्ज केला आणि कारण पटलं की तेच कोर्ट दावा पुन्हा बोर्डावर घेतं. इथे मात्र आपलाच असा आदेश मागे घ्यायचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, सुप्रीम कोर्टाने 2011 सालीच तसं सांगितलंय. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही कलम 40 खाली जिल्हा आयोगाला फक्त रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक सुधारता येते, आणि एकतर्फी, म्हणजे एक बाजू गैरहजर असताना दिलेला आदेश रद्द करायचा अधिकार कलम 61 ने दिलाय तो थेट राष्ट्रीय आयोगाला! मग उरतं काय, तर राज्य आयोगात अपील, तेही 45 दिवसांत, आणि नुकत्याच उठलेल्या माणसाला उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज वेगळा, त्याला प्रतिज्ञापत्र, दाखल केल्याची आणि घरी सोडल्याची तारीख दाखवणारे कागद. एवढं करून अपील मंजूर झालं की केस बहुतेक वेळा परत त्याच जिल्हा आयोगाकडे येते. म्हणजे जे डिस्चार्ज कार्ड तिथल्या तिथे पाच मिनिटांत बघता आलं असतं त्यासाठी दोन आयोगांचा वेळ जातो, आणि कितीतरी लोक कंटाळून तक्रार सोडूनच देतात याचं फार वाईट वाटतं.

कलम 61 सारखा अधिकार जिल्हा आणि राज्य आयोगांनाही द्या, दुरुस्ती छोटीच आहे. ती होईपर्यंत आयोगांना विनंती, तक्रारदार आला नाही तर गुणवत्तेवर, म्हणजे पुरावा बघून निकाल द्यायचा असं कलम 38 मध्येच आहे. कागदपत्रं आणि शपथपत्र फायलीत असतील तर तोच रस्ता घ्या, नाहीतर निदान एक नोटीस पाठवून पुढची तारीख द्या.

आपला,
एक वाचक