मंजूस पत्र: ऑनलाइन एमबीए घेण्याआधी

स्टुटगार्ट,
रविवार, सकाळ

प्रिय मंजू,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण ऑनलाइन एमबीए घ्यावं का आणि कुठलं, हा व्हॉट्सॲपवर चार ओळींत उरकण्यासारखा विषय नव्हता, म्हणून हे पत्र. शिवाय तू पाठवलेलं ते ब्रोशर मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंय, तेव्हा लांबण लावायचा हक्क मला आहेच.

आधी त्या ब्रोशरचंच बोलते. स्वित्झर्लंडची संस्था, पानोपानी आल्प्स, शंभर टक्के ऑनलाइन, सहा महिन्यांत एमबीए, आणि शुक्रवारच्या आत पैसे भरले तर साठ टक्के स्कॉलरशिप. अगं, जी फी कुणीच पूर्ण भरत नाही तिच्यावरची सूट म्हणजे स्कॉलरशिप कशी? तो तर दिवाळीचा सेल झाला. बऱ्या विद्यापीठाला तुझ्या मार्कशीट लागतात, कामाच्या अनुभवाचा दाखला लागतो, निदान एखादा निबंध लिहून घेतात. ह्यांनी काहीही न बघता तुझी 'निवड' केली, आणि आता त्यांचा ॲडमिशनवाला दिवसातून दोनदा फोन करतोय. नाशिकला फ्लॅट बघायला गेलो तर बिल्डरची माणसं करतात, अगदी तस्सं.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपण निम्मं मान्य करूनच बसतो. पण तिथल्या खासगी संस्थेच्या पदवीला सरकारी मान्यता असतेच असं नाही. स्पेनमध्ये आणखी वेगळी गंमत आहे. तिथे सरकारमान्य 'मास्टर ओफिसियाल' असतं आणि संस्थेची स्वतःची पदवी, 'तितुलो प्रोपिओ', हीसुद्धा असते. जाहिरातीत दोन्ही नुसतं 'मास्टर्स' म्हणून येतात. दुसऱ्या प्रकारातही उत्तम कोर्स आहेत, तसं नाही, पण उद्या तो कागद एखाद्या सरकारी खिडकीत सरकवायचा असेल तर फरक तिथे कळतो.

आता शेवटच्या पानावरचे ते मान्यतेचे लोगो. एवढी रांग बघून तुला बरं वाटलं, मला धडकी भरली. मान्यता देणाऱ्या संस्थेला मान्यता कुणी दिली, हा खरा प्रश्न. 2015 मधलं कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण आठवतंय का? न्यूयॉर्क टाइम्सने ते बाहेर काढलं. त्या लोकांनी इंटरनेटवर बनावट विद्यापीठं उभी केलीच, वर त्यांना मान्यता देणाऱ्या बनावट संस्थाही स्वतःच उभ्या केल्या. त्यांना फसलेले काही सगळे भोळे नव्हते. आणि आपल्याकडे तरी काय, यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नागपूरचं राजा अरबी विद्यापीठ कित्येक वर्षं झळकतंय!

बिझनेस स्कूलना मान्यता देणाऱ्यांत वजन आहे ते मुख्यतः तीन नावांना. अमेरिकेची एएसीएसबी, 1916 पासूनची. ब्रसेल्सच्या ईएफएमडी ह्या संस्थेची इक्विस. आणि लंडनची अँबा, जी अख्ख्या कॉलेजकडे न बघता एमबीएसारख्या अभ्यासक्रमांपुरतं बघते. तिन्ही असलेल्या शाळांना ट्रिपल क्राउन म्हणतात, आणि अशा शाळा जगात एक टक्क्याच्या आसपासच आहेत, त्यामुळे तिन्ही नसली म्हणून शाळा वाईट ठरत नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेव. एएसीएसबीचं नुसतं सभासदत्व वेगळं आणि मान्यता वेगळी. वर्गणी भरून सभासद होता येतं. तुझ्या ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात 'मेंबर' लिहिलंय बघ. म्हणून संस्थेच्या साइटवरचा लोगो बघायचाच नाही, मान्यता देणाऱ्याच्या साइटवर जाऊन संस्थेचं नाव शोधायचं.

पण ह्या सगळ्याच्या आधीची पायरी आपल्यासाठी, म्हणजे जर्मनीत राहणाऱ्यांसाठी, आनाबिन: परदेशी विद्यापीठं आणि पदव्या इथे कितपत मान्य आहेत ते दाखवणारा जर्मन डेटाबेस. ब्लू कार्डच्या, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याच्या, वेळी तू पुणे विद्यापीठाचं नाव जिथे शोधलं होतंस, तोच हा. देश निवड, शहर निवड, संस्था सापडली तर तिच्यापुढे 'एच प्लस', म्हणजे संस्था मान्य असल्याची खूण, आहे का बघ. नाव तंतोतंत जुळायला हवं, कारण नामांकित विद्यापीठाशी मिळतंजुळतं नाव घेणं हा ह्या धंद्यातला जुना डाव आहे. तुझी आल्प्सवाली संस्था मी शोधली. नाही सापडली. यादीत नसणं म्हणजे लबाडच असं नव्हे, पण मग परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या कार्यालयात अर्ज आणि खुलासे हे सगळं तुझ्या गळ्यात. आणि इथे हा नुसता सीव्हीवरच्या एका ओळीचा प्रश्न नाही. परदेशी पदवी नावापुढे कधी लावता येते ह्याचे नियम प्रत्येक राज्याच्या कायद्यात आहेत, आणि अधिकार नसताना ती मिरवली तर फौजदारी संहितेचं कलम 132 ए लागतं. दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. आपल्याकडे दारावरच्या पाटीवर बी.ई. लिहिलं तर शेजारी चहाला बोलावतात, इथे तसं नाही!

बरं, सहा महिन्यांचं म्हणशील तर हिशेब कर. युरोपात एमबीए साधारण 60 किंवा 90 ईसीटीएस क्रेडिटचं असतं. एका क्रेडिटला 25 ते 30 तास काम धरतात. म्हणजे 60 क्रेडिटला किमान 1500 तास. सहा महिन्यांत ते करायचे तर आठवड्याला जवळपास 60 तास, नोकरीच्या वर, आणि आर्याला पाळणाघरातून आणून जेवायला घालायचंय ते वेगळंच. आठवड्याला 15 तास काढू शकलीस तर दोन वर्षं लागतात. हे 15 तास कुठून येणार ते आधी अभिजितबरोबर बसून ठरव, अगदी वार लावून. माझ्या ऑनलाइन एमबीएच्या वेळी माझ्याकडे मंगळवार-गुरुवारची रात्र आणि शनिवारची सकाळ होती, आणि त्या वेळी घराला आग लागली तरी मला हाक मारायची नाही असं ठरलं होतं.

माझा अभ्यास कसा चालायचा ते तू लांबून पाहिलंस. जवळून सांगते. व्हिडिओ बघणं हा त्यातला सोपा भाग. खरी दमछाक ग्रुप असाइनमेंटची. आमच्या गटात एक टोरांटोचा, एक लागोसची, एक सिंगापूरचा. सगळ्यांना जमेल अशी वेळ काढायची म्हणजे कुणाची तरी पहाट किंवा मध्यरात्र होणारच. सिंगापूरवाला बिचारा खुर्चीतच डुलक्या काढायचा, पण कॅश फ्लोचं कोष्टक त्याच्याइतकं चोख कुणीच करत नसे. परीक्षेला आधी वेबकॅमने खोली दाखवायची: टेबलावरून, टेबलाखालून, दारामागून. माझ्या भिंतीवर मराठी मुळाक्षरांचा तक्ता होता, लेकीसाठी लावलेला. पलीकडचा पर्यवेक्षक म्हणाला, भिंतीवर नोट्स चालणार नाहीत, काढा. अनुस्वार-विसर्ग कॉर्पोरेट फायनान्समध्ये उपयोगी पडत नाहीत हे त्याला कसं पटवणार? काढला.

तेव्हा तू ज्यांचा विचार करशील त्यांना हे विचार: थेट वर्ग किती, कुठल्या वेळेला, आणि चुकला तर रेकॉर्डिंगवर भागतं का. पूर्ण ऑनलाइन म्हणजे खरंच पूर्ण, हेही लेखी घे. इंग्लंडमधल्या काही नावाजलेल्या ऑनलाइन एमबीएंना मध्ये काही दिवस प्रत्यक्ष जावं लागतं. आपला भारतीय पासपोर्ट, जर्मन रेसिडेन्स परमिट इंग्लंडला चालत नाही, म्हणजे व्हिसा, फी, बोटांचे ठसे, सुट्टी. त्या आठवड्याचा खर्च कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

मग घ्यावं तरी कुठलं? माझं मत विचारशील तर पहिल्यांदा इलिनॉय विद्यापीठाच्या गीज कॉलेजचा आयएमबीए बघ. 2016 मध्ये कोर्सेरा ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटबरोबर सुरू झाला, एएसीएसबी आहे, आणि तेव्हा पूर्ण अभ्यासक्रमाची फी 22 हजार डॉलरच्या आसपास होती. आता थोडी जास्त धर. मला पटलं ते वेगळ्याच कारणाने. 2019 मध्ये त्यांनी कॅम्पसवरचा पूर्णवेळ एमबीए बंद करायचं जाहीर केलं आणि सगळं बळ ऑनलाइनवर लावलं. म्हणजे तिथे ऑनलाइनवाले सावत्र नाहीत. शिवाय त्यांचे काही कोर्स कोर्सेरावर सुटे बघता येतात, तेव्हा हजारो डॉलर ओतण्याआधी चार आठवडे शिकवणं चाखून बघ. बोस्टन विद्यापीठाचा क्वेस्ट्रॉमचा ऑनलाइन एमबीएही आहे, 2020 मध्ये 24 हजार डॉलरला निघाला. दोन्हीकडे घड्याळ अमेरिकेचं, हा तोटा. युरोपच्या वेळेत हवं असेल तर ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी, 1969 ची. घरबसल्या शिकवणं हा त्यांचा मूळचाच धंदा, आणि बिझनेस स्कूलला तिन्ही मान्यता आहेत. जर्मनीतल्या खासगी संस्थेचं घेतलंस तर झेडएफयूचा, म्हणजे दूरशिक्षणाचे कोर्स तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, परवाना क्रमांक बघ. इथल्या दूरशिक्षण कायद्याने 14 दिवसांत करार मागे घेता येतो, आणि पहिल्या सहामाहीच्या शेवटी सहा आठवड्यांची नोटीस देऊन सोडताही येतो. आल्प्सवाल्यांच्या करारात मात्र फी कुठल्याही परिस्थितीत परत नाही असं लिहिलंय. वाचलंस का ते?

रँकिंगबद्दल तू बरंच विचारलंयस. मी त्याला फार किंमत देत नाही. पहिल्या दहातलं की तिसातलं, ह्यापेक्षा लिंक्डइनवर त्या कोर्सचे जर्मनीत नोकरी करणारे लोक शोध आणि तिघा-चौघांना सरळ लिही. ॲडमिशनवाल्याने दिलेले नंबर नकोत, ते लोक गोडच बोलणार.

आणि आता तो विषय, जो तू मेसेजमध्ये शेवटच्या ओळीत हळूच टाकलास: आई-बाबांसाठी चार-पाच वर्षांनी नाशिकला परतायचं, आणि जमलं तर एखाद्या मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायचं. मंजू, हे आधी सांगायचंस! कंपनीत नोकरी करणार असशील तर पुण्या-नाशिककडे परदेशी ऑनलाइन एमबीए चालून जाईल, तिथे तुझा अनुभवच बोलेल. पण कॉलेजात शिकवायचं किंवा सरकारी जागा धरायची तर परदेशी पदवीला समकक्षता लागते, आणि ती देताना शिक्षण प्रत्यक्ष वर्गात बसून झालंय का हे बघतात. परदेशी ऑनलाइन पदवी तिथे अडते, मग विद्यापीठ कितीही थोर असो. उलट भारतातल्या विद्यापीठाचा ऑनलाइन एमबीए, यूजीसीच्या परवानगीचा असेल तर, नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचा धरायचा असं यूजीसीने 2022 मध्ये जाहीर केलंय. आणि तो कितीतरी स्वस्त पडतो. तेव्हा शिकवण्याची इच्छा खरी असेल तर माझा इलिनॉयचा सल्ला विसर आणि त्या बाजूने शोध सुरू कर. इथल्या बढतीसाठीच हवा असेल तर वरचं सगळं लागू. दोन्ही एका कागदात बसवायला जाऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात. तुझी पहिली पदवी झालेली आहे, तेव्हा कामाशी संबंध दाखवता आला तर फी, पुस्तकं, परीक्षेचा खर्च टॅक्स रिटर्नमध्ये दाखवता येतो. ज्या वर्षी पैसे भरलेस त्या वर्षाच्या, ॲनलागे एन ह्या नोकरदारांच्या फॉर्ममध्ये. कंपनी काही भार उचलणार असेल तर किती वर्षं नोकरी सोडायची नाही ते कलम नीट वाच. आणि आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये शिक्षणासाठी वर्षाला पाच दिवस पगारी रजा मिळू शकते, तुमच्या बव्हेरियात तसा कायदाच नाही. बिअर चांगली असली म्हणून सगळंच चांगलं असतं असं थोडंच आहे!

शनिवारी दुपारी आर्या झोपली की फोन कर. अभिजितला शेजारी बसव, आणि परतायचं नक्की आहे की नाही हे तुम्ही दोघांनी त्याआधी बोलून ठेवा, कारण पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे.

तुझी,
शुभा

ता. क. आईने पाठवलेल्या चिवड्यातली एक पिशवी तुझ्या नावाची काढून ठेवली आहे. लवकर ये, मी फार दिवस टिकवेन असं वाटत नाही.