जॉइंट

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन कापलास. चूक माझीच. एका फोनमध्ये चार वेळा ‘मास्क जवळ आहे ना’ विचारल्यावर कोणीही वैतागेल. आई म्हणाली, पत्र लिहा, पण त्यात मास्क आणू नका. बघतो जमतंय का.

तुझ्या तोंडी ‘शटडाऊन’ ऐकलं आणि हसू आलं. विजेच्या लाईनवरची माझी सगळी नोकरी या शब्दात गेली. आमचा शटडाऊन दोन तासांचा, तेवढ्यातही लोकांच्या शिव्या. तुमचा काही वर्षांचा! जिनिव्हाजवळच्या तुमच्या सर्न प्रयोगशाळेतलं, चुंबकांच्या जोरावर सूक्ष्म कण फिरवून एकमेकांवर आदळवणारं ते २७ किलोमीटरचं कडं, त्यातला किलोमीटरभराहून जास्त भाग उचकटून नवी यंत्रं बसवायची, आणि त्या गर्दीत जमिनीखाली शंभर मीटरवर माझी पोर. अभिमान वाटतो गं. शेजारी विचारतात तेव्हा मी उगाच लांबण लावतो. एकेक चुंबक १५ मीटर लांब, ३५ टन वजनाचा, असे १२३२, आणि ते ज्या जॅकवर तोललेत ते सात हजारांच्या आसपास जॅक भारतातून गेले, हे तर मी दूधवाल्यालाही ऐकवलंय.

तुला आठवतं का, १० सप्टेंबर २००८? टीव्हीवाल्यांनी दिवसभर घोकलं होतं की मशीन सुरू झालं की कृष्णविवर होणार आणि पृथ्वी गिळणार. तू शाळेतून रडत आलीस. कणांचा पहिला झोत कडं फिरून आला, काही झालं नाही, तू जेवलीस. नऊ दिवसांनी खरंच झालं, पण पृथ्वीला नाही, मशीनला. पेपरात बातमी होती, दोन चुंबकांमधल्या विजेच्या जोडणीत दोष. मी मोठ्याने म्हणालो, “अगं, जॉइंट गेला!” तू विचारलंस, जॉइंट म्हणजे काय.

मग आपण गॅलरीत बसलो. केबलचे दोन तुकडे, चाकूने सोललेलं इन्सुलेशन, तांब्याची स्लीव्ह. आधी सैल दाबून दाखवलं, मग घट्ट. सैल जोडातून तार ओढून काढताना तुझ्या बोटाला तांब्याचा केस टोचला. अख्खी लाईन चांगली असली तरी ती मरते जोडावर, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तुला तिथवर नेलं ते मीच, हे आई अधूनमधून ऐकवते.

तुमच्याकडचा जोड आमच्यापेक्षा हट्टी. उणे २७१ अंशांना तार अतिवाहक होते, रोध शून्य, म्हणून ११-१२ हजार अँपिअर बिनबोभाट जातात. जोडाचा रोधही ओहमच्या एक अब्जांशाहून कमी लागतो. त्या दिवशी तो शेकडो पट असावा, म्हणजे तरीही माझ्या मीटरवर शून्यच दिसला असता. तेवढ्याने जोड तापला, अतिवाहकता गेली, ठिणगी पडली, हेलियमच्या वेष्टनाला भोक पडलं. सहा टन हेलियम बोगद्यात. चुंबक जागेवरून सरकले, ५३ वर काढावे लागले, झोत पुन्हा फिरायला नोव्हेंबर २००९ उजाडला. माणूस एकही जखमी नाही, कारण प्रवाह चालू असताना खाली कोणाला सोडतच नाहीत. हे तूच मला सांगितलंस, दोनदा.

हेलियमला रंग नाही, वास नाही. हवेची जागा घेतो आणि माणसाला कळतही नाही. म्हणून तो मास्क. शटडाऊनमध्ये हेलियम आधीच काढून घेतात म्हणालीस. काढतात, मान्य. आमच्याकडेही लाईन ‘बंद’ असायची.

लाईन बंद असल्याचं परमिट हातात आलं म्हणजे काम सुरक्षित झालं असं नाही. स्वतः तपासायचं, अर्थिंग स्वतः लावायचं, दुसऱ्याच्या सहीवर हात घालायचा नाही. आणि घाई करणाऱ्या माणसाबरोबर... जाऊ दे. पुन्हा व्याख्यान झालं. तिथली माणसं माझ्यापेक्षा शहाणी आहेत. २०१३ नंतरच्या शटडाऊनमध्ये त्यांनी दहा हजारांवर जोड एकेक करून तपासून पक्के केले. एवढी चिकाटी मी नोकरीत पाहिली नाही, माझ्यात तर नाहीच.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक काळवंडलेला लग आहे, केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळतात तो तुकडा. लहानपणी तू विचारायचीस, मी ‘भंगार’ म्हणायचो. तो बोल्ट मी आवळला नव्हता. संध्याकाळ झाली होती, उद्या बघू म्हणून सही करून टाकली. दुसऱ्या दिवशी तिथे काका होता. त्याच्या डाव्या हाताचं तुला माहीत आहे, कारण माहीत नाही. त्याने आजवर एका शब्दाने विचारलं नाही. दिवाळीला येतो, त्याच हाताने माझ्या पाठीवर थाप मारतो. आईला हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तुला सांगायचं राहून गेलं म्हणण्यापेक्षा, धीर झाला नाही.

९१ किलोमीटरच्या नव्या कड्याचं तू किती उत्साहाने बोलत होतीस. सगळं जुळलं तरी २०४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुरू व्हायचं नाही, म्हणालीस. तेव्हा तू किती वर्षांची असशील याचा हिशेब केला, माझा नाही केला.

पुढच्या रविवारी फोन कर. मास्कचं मी विचारणार नाही. आईला सांगून ठेवलंय, ती विचारेल.

तुझे,
बाबा