किनुयो तानाका यांच्याविषयी मावशीला पत्र

टोकियो

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. इतकी वर्षे पडद्यावर नाव कमावल्यानंतर ताई आता दिग्दर्शनाकडे वळू पाहते आहे आणि त्यात हातचेही जाईल अशी धास्ती तुला वाटते, हे वाचल्यापासून इथल्या अभिनेत्री आणि दिग्दर्शिका किनुयो तानाका यांच्याविषयी तुला लिहावे असे मनात घोळत होते. गेल्या आठवड्यात त्यांनी दिग्दर्शित केलेले दोन चित्रपट पाहण्याचा योग आला, म्हणून आज लिहायला बसले.

त्यांचा जन्म 1909 सालचा, शिमोनोसेकीचा. 1924 मध्ये त्या शोचिकू या चित्रपट कंपनीत दाखल झाल्या, मूकपटांतून बोलपटांत आल्या आणि पुढे दिग्दर्शक मिझोगुची यांच्या चित्रपटांमुळे जपानबाहेरही ओळखल्या जाऊ लागल्या. 1949 मध्ये त्या सदिच्छा दूत म्हणून अमेरिकेला गेल्या. परतताना डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि जमलेल्या लोकांकडे त्यांनी हवेतून चुंबने फेकली, एवढ्यावरून वृत्तपत्रांनी त्यांना धारेवर धरले. युद्धातल्या पराभवाची जखम तेव्हा ताजी होती हे खरे, पण पंचवीस वर्षांची लोकप्रियता अशी एका दिवसात पातळ होताना पाहणे किती जिव्हारी लागले असेल!

मला सर्वांत मोलाची वाटते ती 1953 सालची गोष्ट. दिग्दर्शन करायचे ठरल्यावर, देशातली आघाडीची अभिनेत्री असूनही, वयाच्या 43 व्या वर्षी त्यांनी दिग्दर्शक नारुसे यांच्या एका चित्रपटावर सहायक म्हणून उमेदवारी केली. त्याच वर्षी त्यांचा पहिला चित्रपट ‘कोइबुमी’, म्हणजे प्रेमपत्र, पुरा झाला आणि पुढच्या वर्षी तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी मात्र, ज्यांच्यासाठी त्यांनी आपल्या सर्वोत्तम भूमिका केल्या होत्या त्या मिझोगुचींनीच विरोध केला. दिग्दर्शक ओझू यांनी पाठीशी उभे राहून आपली पटकथा त्यांच्या हाती दिली. त्या चित्रपटात तानाकांनी स्वतः मोलकरणीची छोटी भूमिका केली आहे. घरातली धाकटी मुलगी तिला दूरध्वनीवर दुसऱ्याच बाईच्या वतीने कसे बोलायचे ते शिकवते, आणि ती बिचारी गोंधळून ते वाक्य घोकत राहते. दिग्दर्शिका स्वतःच्याच चित्रपटात दुसऱ्या कोणाच्या सूचना घेत उभी आहे, हे पाहून मला फार गहिवरून आले.

तिसरा चित्रपट 1955 चा, स्तनांच्या कर्करोगाने गेलेल्या फुमिको नाकाजो या कवयित्रीवरचा. पटकथा सुमिए तानाका या लेखिकेची. शस्त्रक्रियेनंतर नायिका मैत्रिणीच्या घरी न्हाणीघरात टबात बसलेली असते आणि आपली छाती मैत्रिणीला मुद्दाम दाखवते; मैत्रीण तोंड फिरवते. आजारी बाईची इच्छा, तिचा राग, तिचा हट्ट हे सारे त्या चित्रपटात कसलीही कणव न मागता येते. आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर राहिलेल्या बाईलाच, आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे ही जाणीव शरीरात कुठे उमटते, हे इतके नेमके कळत असावे, असे मला मनापासून वाटते.

1962 पर्यंत त्यांनी एकूण सहा चित्रपट दिग्दर्शित केले. अभिनय त्यांनी कधीच सोडला नाही. 1975 मध्ये, वयाच्या पासष्टीत, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळवला. तेव्हा हातचे जाईल ही भीती तू मनातून काढून टाक. ताईला मात्र माझा निरोप अवश्य सांग, की स्वतःचा चित्रपट हाती घेण्यापूर्वी एखाद्या जाणत्या दिग्दर्शकाकडे एक चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सहायक म्हणून कर. आणि सवड काढून इकडे ये म्हणावे. त्या न्हाणीघराच्या प्रसंगात कॅमेरा नेमका कुठे ठेवला आहे, ते मला तिच्या शेजारी बसून पाहायचे आहे.

काकांना सा. नमस्कार.

तुझी भाची