बाबा, हे कपडे कोण घालणार त्याचं उत्तर

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की पतंगांवरून, म्हणजे दिव्यावर येणाऱ्या त्या किड्यांवरून, मी केलेले कपडे घालणार कोण, आणि आई म्हणाली अगं निदान फुलपाखरं तरी घ्यायचीस, रंग तरी असतात त्यांना. मी तेव्हा इस्त्री हातात घेऊन उभी होते म्हणून नंतर सांगते म्हटलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आता सगळं नीट लिहिते.

आई, रंग असतात गं, पण लपवलेले असतात. कॅटोकाला म्हणून पतंगांचा एक गट आहे, झाडाच्या खोडावर बसले की अगदी जवळून बघूनही सापडत नाहीत, कारण पुढचे पंख सालीसारखेच करडे-तपकिरी. पण कोणी डिवचलं की ते पंख बाजूला होतात आणि मागचे पंख एकदम दिसतात, कित्येक जातींत लालभडक नाहीतर केशरी, वर काळे पट्टे. पक्षी दचकतो तेवढ्यात हा पसार. माझं सगळं कलेक्शन या एका गोष्टीतून निघालंय.

म्हणजे जॅकेटच बघा. बाहेरून करड्या लिननचं, त्यावर त्याच रंगाच्या दोऱ्याने हाताने धावदोरा घातलाय, रेघा मुद्दाम वाकड्या, कुठे दाट कुठे विरळ, सालीवरच्या भेगांसारख्या. मशीनवर हे पटकन झालं असतं पण मशीनची रेघ फार शिस्तीची येते, साल तशी नसते. आतलं अस्तर लाल, काळ्या पट्ट्या जोडून केलेलं, आणि पाठीला मधोमध एक खोल घडी. उभं राहिलं की घडी मिटलेली, चालायला लागलं की उघडते आणि आतला लाल दिसतो, परत मिटते. ही घडी जमवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आधी मांजरपाटावर करून बघितली, मग लिननवर कच्च्या टाक्यांनी बंद ठेवून इस्त्री केली आणि बाकी सगळं शिवून झाल्यावरच ते टाके उसवले. घडीच्या वरच्या टोकाला आतून बारीक घट्ट टाके घालावे लागतात, सगळा ताण तिथेच येतो ना.

दुसरा मला फार आवडणारा म्हणजे लूना पतंगावरचा ड्रेस. फिकट हिरवा पतंग, मागच्या पंखांना लांब शेपट्या, टोकाशी जरा पिळलेल्या. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधतं, आणि उडताना या शेपट्या अशा गिरक्या घेतात की त्याचा हल्ला अंगावर न होता शेपटीवर होतो, शेपटी तुटली तरी पतंग वाचतो. ड्रेसच्या शेपट्या मी उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरप्या, कापल्यात, कारण सरळ कापलेलं कापड ताठ पडतं आणि उरेब कापड वळतं, लोंबतं, चालताना स्वतःच पीळ घेतं. फक्त ते लटकवून ठेवलं की वजनाने खाली ओघळतं, म्हणून ड्रेस दिवसभर हँगरवर टांगायचा आणि मगच खालचा काठ सारखा करून दुमडायचा.

कापडाबद्दलही मी हट्टी आहे. नेहमीच्या रेशमासाठी कोश आतल्या किड्यासकट गरम पाण्यात टाकतात, म्हणजे पतंग बाहेरच येत नाही. पतंगाच्या नावाने कपडे करायचे आणि त्यालाच मारायचं हे मला नाही जमणार, म्हणून मी पतंग निघून गेल्यावर राहिलेल्या कोशांचं रेशीम घेते. धागा अखंड नसतो, कातावा लागतो, म्हणून कापड थोडं खडबडीत आणि कमी चमकतं, पण पतंगाच्या पंखालाही तशीच मऊ, भुरकट चमक असते, मला तर हेच जास्त योग्य वाटतं.

बाबा, तुम्ही म्हणालात हे वेड कधीतरी उतरेल. मारिया सिबिला मेरियन नावाची चित्रकार होती, १३ वर्षांची असल्यापासून रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रं काढायची, पुढे मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची, आणि १६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन किडे बघायला समुद्रापार दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिचं वेड उतरलं नाही आणि माझंही उतरेलसं वाटत नाही, आणि याची काळजी तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं.

तर घालणार कोण? ज्यांना सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटत नाही, पण आपल्या अंगावर काय आहे हे स्वतःला माहीत असलेलं आवडतं, ते. आई, तू त्यातली आहेस. म्हणून पुढचं जॅकेट तुझं. तुझी मापं जुनी आहेत माझ्याकडे, तर खांदा, छाती, बाहीची लांबी आणि मुंढ्याचा घेर बाबांकडून टेप लावून घे, टेप फार आवळू नका, आणि खिसे चष्म्याची केस मावेल एवढे खोल हवेत का तेही कळव. बाबा, तुमचीही मापं पाठवा, तुमच्या अस्तराचा रंग तुम्हीच निवडा, लाल नाहीतर केशरी.

तुमची लेक