सर्जन कसलं संशोधन करणार?

प्रिय सुहास,
स. न.

मुक्ताचं एम.एस. संपत आलं हे वाचून फार बरं वाटलं. पुढे तिला एम.सीएच. सर्जिकल ऑन्कोलॉजी, म्हणजे कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतलं वरचं शिक्षण, करायचंय, शिवाय संशोधनही करायचंय, आणि तू विचारतोस की कापाकापी करणारा माणूस कसलं डोंबलाचं संशोधन करणार, ते तर लॅबवाल्यांचं काम. वहिनींना वेगळीच चिंता: तिशी गाठेपर्यंत पोरगी शिकतच राहणार का?

वहिनींना आधी उत्तर देतो: हो, राहणार. बारावीनंतर एम.बी.बी.एस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एम.एस. तीन, मग नीट-एस.एस. ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.सीएच. आणखी तीन. प्रवेशपरीक्षांत आणि बॉण्डच्या सक्तीच्या नोकरीत जाणारा वेळ यात धरलेला नाही.

तुझ्या प्रश्नाला जरा जास्त शाई लागेल. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. राजेंद्र बडव्यांचं नाव तू ऐकलं असशील. स्तनाच्या कॅन्सरचे सर्जन, टाटा मेमोरियल सेंटरचे माजी संचालक, २०१३ सालचे पद्मश्री. पण पदं आणि मानसन्मान बाजूला ठेव. त्यांची कारकीर्द मला बघण्यासारखी वाटते ती एका प्रश्नामुळे: गाठीला सुरी लागते त्या वेळी कॅन्सरचं नेमकं काय होतं? हा प्रश्न सर्जनलाच पडू शकतो, आणि त्याचं उत्तरही ऑपरेशन टेबलावरच शोधावं लागतं.

सुरुवात १९९१ची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक पेपर आला, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या २४९ बायकांच्या नोंदींवर. सगळ्या पाळी चालू असलेल्या. शेवटच्या पाळीपासून मोजून ३ ते १२ या दिवसांत जिचं ऑपरेशन झालं, त्या गटात दहा वर्षांनी ५४ टक्के बायका हयात होत्या. इतर दिवसांत ऑपरेशन झालेल्यांत ८४ टक्के. फरक इतका मोठा, की तो खरा असेल तर नुसती तारीख बदलून जीव वाचतील. म्हणूनच त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. या जुन्या फायली होत्या. कोणाचं ऑपरेशन कुठल्या दिवशी हे कोणी ठरवून वाटलेलं नव्हतं, आणि पाळीची तारीख ही फायलीत सर्वांत निष्काळजीपणे लिहिली जाणारी गोष्ट. पुढे इतर हॉस्पिटलांनी आपापल्या नोंदी चाळल्या. काहींना तसंच दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही.

इथे पुष्कळ लोक थांबतात. एक गाजलेला पेपर पदरात पडला की त्यावर जन्मभर भाषणं देता येतात. बडव्यांनी तसं न करता तोच तर्क पुढे नेला: पाळीच्या चक्राच्या पहिल्या भागात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक फारसं नसतं, नंतर ते वाढतं. मग फरक त्याचा असेल, तर ते बाहेरूनच देऊन बघू. ऑपरेशनआधी ५ ते १४ दिवस, हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं ५०० मि.ग्रॅ.चं एकच इंजेक्शन स्नायूत. सुमारे हजार बायका, निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. निकाल २०११मध्ये छापून आला: एकंदरीत फायदा नाही. काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचलेल्या बायकांत मात्र फायदा दिसला. पण मूळ उत्तर ‘नाही’ आलं असताना एखाद्या उपगटात ‘हो’ दिसलं, तर तो फक्त पुढच्या ट्रायलचा, म्हणजे पेशंटांवर आखून केलेल्या चाचणीचा, विषय असतो. मुक्ताला हे पहिल्या दिवशी पाठ करायला लाव.

दुसरी ट्रायल मला जास्त आवडते, कारण ती सर्जनच्या पोटावर पाय देणारी आहे. कॅन्सर हाडांत, यकृतात पसरलेला असेल तर स्तनातली मूळ गाठ काढावी का? जगभरच्या नोंदी सांगत होत्या की काढलेल्या बायका जास्त जगतात. अर्थात जगतात, कारण सर्जन धडधाकट पेशंटच टेबलावर घेतो! टाटात २००५ ते २०१३ या काळात ३५० बायकांत चिठ्ठी टाकून ठरवलं, कोणाची गाठ काढायची आणि कोणाची नाही. गाठ काढलेल्यांचं मेडियन आयुष्य (निम्म्या बायका जिथवर हयात होत्या तो काळ) १९.२ महिने, न काढलेल्यांचं २०.५. म्हणजे काहीच फायदा नाही. उलट दूरच्या अवयवांतला आजार ऑपरेशन झालेल्यांतच लवकर बळावला. या एका ‘नाही’मुळे किती बायकांचं ऑपरेशन, कर्ज आणि परळच्या फुटपाथवरचा मुक्काम वाचला असेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आणि मग झायलोकेन. दात काढताना हिरडीत टोचतात तेच. पेशीच्या आवरणात सोडियमचे मार्ग असतात. मज्जातंतूतले मार्ग झायलोकेन बंद करतं म्हणून दुखत नाही. असेच मार्ग कॅन्सरच्या पेशीतही असतात आणि तिच्या हालचालीशी त्यांचा संबंध आहे. मग कापण्याआधीच गाठीभोवती ते भरलं तर?

करायची कृती साधी आहे. पेशंटला पूर्ण भूल दिल्यावर, छेद घेण्याआधी, ०.५ टक्के लिग्नोकेन (झायलोकेनचंच औषधी नाव) गाठीच्या सहाही बाजूंनी, वर-खाली धरून, टोचायचं आणि ७ ते १० मिनिटं थांबायचं. मगच सुरी. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.५ मि.ग्रॅ., म्हणजे ६० किलोच्या बाईला २७० मि.ग्रॅ. २ टक्क्यांच्या औषधात एका मि.लि.त २० मि.ग्रॅ. असतं, तेव्हा १३.५ मि.लि. घेऊन त्यात ४०.५ मि.लि. सलाइन घालायचं, ५४ मि.लि. तयार. चूक कुठे होते? एक, पातळ करताना टक्केवारीचा घोळ होतो आणि डोस चौपट जातो. दोन, सुई शिरेत जाते. म्हणून प्रत्येक वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं. असं औषध रक्तात गेलं की जागा असलेला पेशंट ओठ बधिर झाले, कानात गुंई होतंय असं सांगतो. भूल दिलेला काय सांगणार? तिथे मॉनिटरवर डोळा ठेवणं एवढंच हातात. तीन, आणि सर्वांत जास्त होणारी: लिस्ट लांबलेली असते, पुढचा पेशंट बाहेर ताटकळतोय, आणि सर्जनला ती सात मिनिटं जड जातात.

या ट्रायलसाठी देशातल्या ११ केंद्रांत १६०० बायका घेतल्या. पाच वर्षांनी आजार न उलटता हयात: इंजेक्शनच्या गटात ८६.६ टक्के, दुसऱ्या गटात ८२.६. एकूण हयात ९०.१ विरुद्ध ८६.४. शंभरामागे चारच वाटतात खरे, पण औषध जुनं, पेटंट संपलेलं, किंमत किरकोळ. आणि म्हणूनच कुठलीही कंपनी अशा ट्रायलच्या वाटेला जात नाही. विकायला काही नाही ना! टाटा १९६२पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे म्हणून असले प्रश्न तिथे परवडतात. आक्षेपही आहेत. दुसऱ्या गटाला सलाइनचं खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे कोण कुठल्या गटात हे सर्जनला माहीत होतं. माझ्या मते दुसऱ्या कोणीतरी हे पुन्हा करून बघायला हवं.

आता मुक्ताच्या रोजच्या कामाबद्दल. सोळाशे कशाला, दोनशे का नकोत? शंभरात चारचा फरक दोनशेंत नशिबाच्या गोंधळात बुडून जातो. चिठ्ठी कशाला? सर्जनच्या मर्जीवर सोडलं की बरे पेशंट आपोआप नव्या उपचाराकडे जातात. पूर्वी बंद लिफाफे असत; ते उजेडासमोर धरून आतलं वाचणारे महाभाग होते. म्हणून गट फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून, ऑपरेशन करणाऱ्यापासून लांब बसलेला माणूस सांगतो. तोही पेशंटची संमतीची सही झाल्यावर, आणि ती सही तिला समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर. जून २००९पासून पहिला पेशंट घेण्याआधी सी.टी.आर.आय.वर, म्हणजे ट्रायलींच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी सक्तीची आहे, नाहीतर निकाल पाहून प्रश्न बदलायचा मोह होतो.

पण ट्रायल खरी मरते ती फॉलो-अपमध्ये, म्हणजे उपचारानंतर पेशंटची खबर ठेवण्यात. पेशंट बिहारहून आलेली, नंबर नवऱ्याचा, दोन वर्षांत सिम बदललं. जी येत नाही ती बरी आहे असं धरून चालत नाही. बरेचदा ती वाईट अवस्थेत असते. एका गटातल्या अशा बायका जास्त गळाल्या तर त्या गटाचा निकाल खोटाच चांगला दिसतो. म्हणून दाखल करतानाच तीन नंबर घ्यायचे: घरचा, शेजारचा, गावातल्या दुकानाचा. पत्ता पिनकोडसकट. ही कारकुनी ज्याला कमीपणाची वाटते त्याने संशोधनाच्या फंदात पडू नये.

तिला तोंडाच्या कॅन्सरमध्ये रस असेल तर तिथेही हेच घडलंय. तोंडातली गाठ लहान, मानेत हाताला काही लागत नाही, तरी मानेतल्या लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात का, यावर सर्जन पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते, कारण काढल्या तर खांदा धरतो. टाटाच्याच डॉ. अनिल डिक्रूझांच्या गटाने ५०० पेशंटांचा निकाल २०१५मध्ये मांडला: आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिलेल्यांत ६७.५. तंबाखूने गांजलेल्या आपल्या देशात एवढे पेशंट मिळाले म्हणून भांडण मिटलं.

एम.सीएच.ची जागा निवडताना तिला तीनच गोष्टी विचारायला सांग: तिथे चालू ट्रायली किती, स्टॅटिस्टिशियन पगारी आहे की उसना, आणि फॉलो-अप कोण करतं. तिसऱ्याचं उत्तर ‘रेसिडेंट डॉक्टरच करतात’ असं आलं तर दुसरीकडे बघावं. प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या आधी मला फोन करू दे, रविवारी दुपारी घरीच असतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक